डबीचं झाकण

४ मार्च

चि. मोठीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. माझं ठीक, दाढ तेवढी ठणकते. स्नायूंच्या दुखण्याने आपला धाकटा गेला, त्याला काल चार महिने झाले. त्याच्या पलंगापाशी त्या प्राणवायू भरलेल्या पाण्याची बाटली अजून रोज उघडून ठेवतो. सकाळी कुणीतरी प्यायल्यासारखं वाटतं. पातळी बघतो, तर तेवढीच असते.

त्या पाण्याने स्नायूंच्या पेशी जास्त प्राणवायू वापरतात, हे तूच लिहिलं होतंस. शेवटच्या आठवड्यात पोट फुगतं म्हणून तो नको म्हणाला आणि मी पाजायचं सोडलं. पाजलं असतं तर तो राहिला असता का? खरं लिही, मन राखू नकोस.

अप्पांचे आशीर्वाद

९ मार्च

ती. अप्पांना शि. सा. न. वि. वि.

दाढ अंगावर काढू नका. हट्टीपणात धाकटा तुमच्यावरच गेला होता.

चूक माझी आहे. आमच्या प्रयोगशाळेतल्या बोटभर डबीत पेशी सोडून झाकण लावलं, की त्यांच्यातले मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशींच्या शेगड्या, पाण्यातला प्राणवायू वापरतात आणि पडद्यावरची प्राणवायूची रेघ उतरते. त्या पाण्यात ती भरभर उतरली आणि मी हुरळून तुम्हाला कळवलं. आधी पेशींशिवाय नुसतं ते पाणी लावून बघायचं असतं, ते मी केलंच नव्हतं. परवा केलं. नुसत्या पाण्याचीही रेघ उतरते. जादा प्राणवायू बुडबुडे होऊन आपसूक निघून जातो.

तुमचं एवढ्याने समाधान होणार नाही. धाकट्याने सही करून दिलेल्या त्याच्या मांडीच्या पेशींची एक कुपी इथे गोठवलेली आहे. ती शेवटची, एकदा वितळवली की संपली. तुम्ही म्हणाल तसं करते.

लोभ असू द्या, रागही चालेल.

तुमची मोठी

१५ मार्च

चि. मोठीस अ. उ. आ.

दाढ काढली. पत्र वाचून दोन दिवस घास उतरला नाही. तो तुझ्याकडे बर्फात आहे, हे आधी का नाही सांगितलंस? त्याला थंडी कधी सोसली नाही. वितळव.

अप्पा

२१ मार्च

ती. अप्पांना शि. सा. न. वि. वि.

मोजलं. आधी साध्या पाण्यात, मग त्या पाण्यात, आणि आपसूक जाणारा प्राणवायू वजा केला. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. त्या पाण्याने त्याच्या पेशींना काडीचा फरक पडला नाही. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही, अप्पा. उलट शेवटचे आठ दिवस त्याचं पोट तरी फुगलं नाही. आता त्या बाटल्या ओतून टाका.

तुमची मोठी

२६ मार्च

चि. मोठीस अ. उ. आ.

बाटल्या मोरीत ओतल्या. काल झोप लागली. एकच विचारायचं राहिलं. बंद डबीतला प्राणवायू संपला असेल, तेव्हा तू झाकण उघडलंस का?

अप्पा

३१ मार्च

ती. अप्पांना शि. सा. न. वि. वि.

उघडलं. खरं तर मोजून झालं की डबी धुवायची असते. मी झाकण काढलं, हवा आत जाऊ दिली, परत लावलं, आणि रेघ पुन्हा उतरायला लागली. संध्याकाळपर्यंत मी तेवढंच करत बसले. नवव्यांदा रेघ उतरली नाही.

माया आहे तशीच ठेवा. डबी मी अजून धुतलेली नाही.

तुमची मोठी