लेन्सच्या पुढची काच

प्रिय मल्हार,

कवठे महांकाळला तुझी एक आजी असते, धोंडुबाई नावाची. ठेंगणी आहे, डाव्या पायानं लंगडते, तुला पाठीला बांधून मेंढरांमागं हिंडलेली आहे. आठवली का? नसली तरी हरकत नाही. स्वतःच्या लग्नात फेटा रिक्षात विसरलेला माणूस तू, तिथं आजीचं काय घेऊन बसायचं! मागच्या खेपेला कॅमेऱ्याच्या तोंडावरचं काळं झाकण इथं देवळीत ठेवून गेलास आणि साताऱ्यात सगळं दुकान उलटंपालटं केलंस म्हणे. ते इथंच आहे. माझ्या मिसरीच्या डबीचं झाकण हरवलं होतं, तिच्यावर ते असं चपखल बसलंय की आता मागितलंस तरी मिळणार नाही.

फोन का केला नाही, म्हणशील. तुला फोन लावला की मागं बँड वाजत असतो, आणि तू मला “हां आजी, हां आजी” करत भलत्याच कुणाला “जरा हसा” म्हणत असतोस. कागदापुढं तसं करता येत नाही. मला अक्षरओळख नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा हे कुणीतरी लिहून घेतंय, आणि कोण ते पाकिटावरचं नाव बघूनच कळलं असेल. व्हय, तुझीच बायको. मी ‘हाय’ म्हणते, प्रांजल ‘आहे’ लिहिते. म्हणते, आजी, पत्रात असंच असतं. मी म्हटलं, लिही बाई, पण मधनंमधनं माझं बी राहू दे, न्हाईतर त्याला वाटंल सरकारी नोटीस आली. आमची बोली अशी झालीय, की तिच्याविरुद्ध बोलले तरी तिनं गाळायचं नाही, आणि तुझ्याविरुद्ध बोलले तर पदरचं घालायचं नाही.

इकडचं सगळं बरं आहे. कालव्याला पाणी सोडलंय, त्यामुळं तुझ्या बापाच्या अंगात आलंय. मेंढरं कमी करून द्राक्षं लावायची म्हणतो. मी म्हटलं, तानाजी, द्राक्षाला शीळ घालून बोलावता येत नाही, त्याच्यामागं तुलाच पळावं लागंल. प्रांजल तासगावची, बागेत वाढलेली, ती नुसती हसली. ती आली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसली, म्हणून सांगितलं.

आता ती इथं का आली, ते. रुसलेली बाई माहेरी जाते, सासरच्या आजीकडं कोण येतं? मी विचारलं तर म्हणाली, तासगावला गेले असते तर दोन घरांचं भांडण झालं असतं. इथं आले तर लोक म्हणतील आजीला बघायला आली. पोरगी शहाणी आहे, मल्हार. तू कुठं सापडलास तिला, हे मला अजून उमगलेलं नाही.

ती नवी लेन्स घेतलीस, तेव्हा तू ती आधी बिरोबाला दाखवायला आणलीस. नवी वस्तू आली की देवाला दाखवायची, हे तरी विसरला नाहीस. देवळात तुझ्या बापानं काय केलं ते आठव. बैल आणला की कपाळाला भंडारा लावतो, ट्रॅक्टर आणला की तोंडाला लावतो, तसा त्यानं ह्या लेन्सचं कपाळ शोधलं आणि बरोबर काचेवरच अंगठ्यानं भंडारा ओढला. वर तुझं तोंड पांढरं पडलेलं बघून घाईघाईनं घोंगड्याच्या टोकानं पुसायला लागला. माळावरची सगळी रेती त्या घोंगड्यात! पण प्रांजलनं निघायच्या आधी पुढं ती पातळ काच बसवली होती. फिल्टर म्हणता तुम्ही तिला. तू नको म्हणत होतास, दुकानदारानं गळ्यात मारलीय म्हणत होतास. रेघा पडल्या त्या फिल्टरवर, लेन्स आत कोरी राहिली. तेव्हा तू देवळाच्या पायरीवर बसून हसत म्हणालास, बायको म्हणजे पुढची काच. आम्ही सगळे हसलो. मला तर लय आवडलं होतं ते.

मग पाटणचं लग्न झालं. हे मी तिच्या तोंडून ऐकलंय, चुकत असेल तर सांग. दुपारी अंगणात हळद उधळत होते, म्हणून तिनं नवा फिल्टर चढवला. बरोबर केलं. संध्याकाळी नवरीला ओवाळायला समया लावल्या, निरांजनं आली, आणि तो फिल्टर तसाच राहिला. तुला वाटलं तिनं काढला असेल. तिला वाटलं लेन्स तुझ्या हातात आहे, तू काढशील. घरी नेऊन बघायच्या आधीच तू स्टेजवर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलंस, तर प्रत्येक फोटोत एक-एक ज्योत जास्तीची. एक समईवर, एक नवरीच्या गालावर. आणि तू चार माणसांत, नवरदेवाच्या मामासमोर, ओरडलास की तुला काय कळतं, तू बॅग धर. फिल्टर काढून स्टेजखाली भिरकावलास म्हणे. ती बॅग धरून शेवटपर्यंत उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं इकडं आली.

तो फोटो मला तिनं मोबाइलवर दाखवला. खरं सांगू? मला आधी वाटलं, नवरीला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम केलंय. तशी ती रडता रडता हसली आणि मला शिकवायला बसली. तिच्याजवळचा जुना कॅमेरा घेऊन चुलीजवळ दिवा लावला. एकदा फिल्टर लावून फोटो काढला, एकदा काढून. लावलेला होता तेव्हा दिव्याच्या समोरच्या बाजूला, तिरपा, एक हिरवट ठिपका उठला. काढला तेव्हा गेला. म्हणजे तुझं खरं आहे, मल्हार. दिव्यापुढं ती काच नको. हे मी तिच्याच हातानं लिहून घेतेय, बघ, गाळलं असेल तर मला सांग. आणि भंडाऱ्यापुढं, हळदीपुढं, धुळीपुढं ती काच हवी. म्हणजे तिचं पण खरं आहे. मग दोघांचं खरं असताना भांडण कशाचं झालं, हे मला काही दिवस कळेना.

तुझा आजा बिराप्पा मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचा तेव्हा पिंगळी नावाची कुत्री होती आमची. लांडगा आधी कुत्र्याचा गळा धरतो, म्हणून रानात जाताना तिच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालायचा. तळावर आली की काढायचा, कारण तिची पिल्लं खेळताना गळ्याशी झोंबायची. घालायचा तो, काढायचे मी. पण तो लांबूनच, टेकाडावरनं आरोळी द्यायचा, “पट्टा हाय गंऽ!” तेवढंच. मी हातातलं टाकून पुढं व्हायची. शेजारच्या तळावर नवरा-बायकोचा अबोला होता. त्यानं आरोळी दिली नाही, तिनं विचारलं नाही. सकाळी त्यांच्या कुत्रीच्या पिल्लांची नाकं फुटलेली. दोघं एकमेकांना म्हणत होते, तुला डोळे नाहीत का. डोळे दोघांनाही होते, गड्या. तोंड नव्हतं.

तुम्हा दोघांचं तेवढंच आहे, असं मी म्हणणार होते. पण तेवढंच नाही. फिल्टर राहिला, ते मिटलं असतं. ‘तुला काय कळतं’ हे मिटलेलं नाही. तुझ्या दुकानाच्या पाटीवर तुझं एकट्याचं नाव, आणि आतल्या भिंतीवरचे अर्धे फोटो तिनं काढलेले, हे मला माहीत नव्हतं. ती सांगत नव्हती, मीच भिंतीवरचा एकेक फोटो आठवून विचारला, हा कुणी काढला, तो कुणी काढला. ती म्हातारी ज्वारी निवडतानाची, जी तू सगळ्यांना दाखवतोस, ती तिनं काढलीय. आणि ती म्हातारी मी आहे, तरी मला माहीत नव्हतं, कारण मला वाटलं कॅमेरा तुझा म्हणजे फोटो तुझा. माझंच असं झालं तर पाटणच्या मामाला काय दोष देऊ?

आणि दुसरं असं, की सांगलीच्या एका स्टुडिओनं तिला बोलावलंय. फोटो काढायलाच, बॅग धरायला नाही. येत्या महिन्यापासून ये म्हणतात, राहायची सोय मैत्रिणीकडं होतेय. मला विचारते, आजी, जाऊ का? जा म्हणावं तर तुझ्या घराला कुलूप लागतं. नको म्हणावं तर हिच्या हाताला लागतं. तुझा बाप म्हणतो, आई, तू समजाव. समजावायला गेलं की ही भांडी घासायला उठते. आता घरात घासायला भांडं राहिलेलं नाही, सगळी चकचकीत झालीत.

म्हणून मी पत्राचं काढलं. तुला सांगायचं तेवढंच असतं तर तानाजीला साताऱ्याला धाडला असता. पण लिहायला बसलेल्या माणसाला मधेच उठता येत नाही. तुझं काय चुकलं, तिचं काय चुकलं, दोघांचं काय खरं होतं, हे सगळं तिच्या हातातनं कागदावर गेलं, म्हणजे एकदा तिच्या कानातनंही गेलं. पाटणचं लिहिताना पेन थांबलं होतं. मी म्हटलं, खोटं असेल तर खोड. तिनं खोडलं नाही. आत्ता विचारलं, सांगलीला काय कळवायचं गं? म्हणाली, रविवारपर्यंत काही कळवत नाही. हे मी सांगितलेलं नाही हां, तिचंच आहे, आणि तिनंच लिहिलंय. रविवारी शेजारच्या सयाजीच्या पोरीची हळद आहे, फोटो प्रांजल काढणार आहे. तू ये. पण तिला न्यायला येऊ नकोस, तिच्या हाताखाली कामाला ये. ती लेन्स घेऊन ये. भंडारा उधळायच्या आधी तू काच चढव आणि चढवली की मोठ्यानं सांग, पाटणला ओरडला होतास तेवढ्याच मोठ्यानं, चार माणसांत. पुढं तिला जायचं का राहायचं, ते ती ठरवंल, मी मधे पडणार नाही. आपल्या गावचा आकाराम शनिवारी साताऱ्याहून गाडी घेऊन येतोय. त्याच्याजवळ कंदी पेढे देऊ नकोस. तुला यायचं नसलं की तू पेढे पाठवतोस, हे मला आता पाठ झालंय. येणार असशील तर कोरेगावचा घेवडा पाठव, सगळ्या घराला पुरेल एवढा. तो रात्रभर भिजवावा लागतो, म्हणून तुझ्या आधी यायला हवा.

तुझीच आजी,
धोंडुबाई
(अंगठा माझा, अक्षर तुझ्या बायकोचं)