उजवी बाजू

आप्पा, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर मला डोळे मिटून बसावं लागतं. आज लिहायला बसले ती एका हेडफोनच्या तारेमुळं. तुमच्या नातीनं तो मला वाढदिवसाला दिला होता. मी शिरूरहून रोज कंपनीच्या बसनं सणसवाडीला जाते. पार्ट तपासून खोक्यात भरायच्या खात्यात आहे. शेजारीच प्रेस शॉप, त्यामुळं दिवसभर धाडधाड. बसमध्ये बाकीच्या बायका पेंगतात, मी गाणी ऐकते. उन्हाळ्याच्या सुमारास हेडफोनची उजवी बाजू मंद व्हायला लागली. आधी लांबून आल्यासारखा आवाज, मग पुटपुटल्यासारखा, मग काहीच नाही. मी म्हटलं, पिनेजवळ तार तुटली असणार. तिथंच तुटते. पिशवीत कोंबायची, ओढून काढायची, दुसरं काय होणार. बिघाड तारेतच आहे याबद्दल मला एवढीसुद्धा शंका आली नाही. तुमच्याच घरात वाढले ना मी.

दौंडच्या त्या घरात पुढच्या खोलीत तुमचा लाउडस्पीकरचा धंदा आणि मागच्या खोलीत आपला संसार. कर्णे एकात एक घालून भिंतीशी रचलेले, खुंटीवर वायरींची भेंडोळी, आणि ॲम्प्लिफायर तापला की येणारा तो वास, जो आईच्या फोडणीतसुद्धा मिसळायचा. कुणाच्याही लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही सगळ्या वायरी अंगणात पसरता. मी माईक धरून 'हॅलो, हॅलो' म्हणत राहते आणि तुम्ही पलीकडं कर्ण्याच्या तोंडात डोकं घालून खरखर कुठून येतेय ते शोधता. कर्ण्याच्या तोंडात डोकं घालून, आप्पा. ते आता आठवलं की अंगावर काटा येतो. तुमचा सांधा कधी टिकला नाही, हेही खरंच. तार दातानं सोलायची, पीळ द्यायचा, वरून काळी चिकटपट्टी गुंडाळायची, की झालं. "आवंदापुरतं चालतंय," म्हणायचात. आई चुलीपुढून म्हणायची, "आवंदाचं राहू द्या, निदान अक्षता पडंस्तवर तरी चालू द्या." केडगावकडच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत माईक मेला आणि भटजी उघड्या गळ्यानं ओरडत राहिले. तुम्ही स्टेजखाली वायरी चाचपत होता आणि स्वतःशीच हसत होता. त्यानंतर तुम्ही मला जुन्या बाजारातून सोल्डर गन आणून दिलीत. "घे, तुझा हात बारीक हाय," म्हणालात. आपल्या गल्लीत कुठल्या पोरीला असली भेट मिळाली नव्हती.

तर हेडफोन टाकून द्यायचं माझ्या मनातही आलं नाही. रविवारी दुपारी बसस्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानातून नवी पिन आणली. जुनी कापली, आतल्या केसासारख्या तारा सुट्या केल्या, लाल, हिरवी, तांब्याची. त्यांच्यावर रंगाचा लेप असतो, तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. चष्मा नाकावर ओढून सगळं निगुतीनं केलं आणि कानाला लावलं. उजवी बाजू बंद. पुन्हा उकललं, आणखी वीतभर तार छाटली, पुन्हा जोडलं. बंद. मग तार जिथं दोन कानांकडं फुटते तो सांधा उघडला, तोही नव्यानं केला. तरी बंद. तेवढ्यात तुमची नात बाहेरून आली.

"काय करतेयस गं एवढं?"

"उजवीकडनं येईना झालंय. तार कुठं तुटलीय तेच सापडत नाही."

तिनं तो माझ्या डोक्यावरून काढून स्वतःला लावला, जरा वेळ मान डोलावली. "दोन्हीकडनं येतंय की. मस्त येतंय."

मी परत घेतला आणि या वेळी उलटा घातला. डावा कप उजव्या कानावर, उजवा डाव्या कानावर. मघाशी बंद असलेला कप आता डाव्या कानावर होता, आणि त्यातून गाणं स्वच्छ येत होतं. उजवीकडं पुन्हा तीच शांतता. कप बदलले, शांतता जागची हलली नाही.

"झालं का चालू?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणाले. "सांधा नीट बसत नव्हता."

संध्याकाळी तिनं चहा पिताना बापाला सांगितलं की आईनं हेडफोन रिपेअर केला. हे खूश झाले. "आप्पांची लेक हाय ती," म्हणाले. मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं.

लाज कसली, असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही. चष्मा लागला तेव्हा मी गल्लीभर मिरवत फिरले होते. पण कान म्हटलं की मला तुम्ही दिसता. शिरूरची माणसं मला बघायला आली तो दिवस दिसतो. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "मुलगी शिकली किती?" आणि तुम्ही ऐटीत म्हणालात, "चौफुल्यावरनं आलात तर सरळ रस्ता हाय." सगळे हसले. मी पोह्यांचा ट्रे तसाच धरून तुमच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "आप्पा, शिक्षण विचारतायत!" मग तुम्हीही हसलात, सगळ्यांपेक्षा जोरात. पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात कपबश्या विसळतेय आणि तुम्ही दारात येऊन उभे राहता. "चारचौघांत माझ्या कानात वरडायचं न्हाई. म्या काय बहिरा हाय?" एरवी तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. आई वर न बघता चूल फुंकत राहिली. त्यानंतर घरात सगळ्यांनी तुमच्याशी सोपं सोपंच बोलायला सुरुवात केली. जेवलात का, चहा घ्या, पंखा लावू का. आम्ही त्याला मान ठेवणं म्हणायचो. आता कळतं, त्यानं माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा होतो.

आणि हे कळून मी काय केलं? पुढच्या रविवारी घरी कुणी नसताना तो सांधा पुन्हा उघडला. गाण्यात काही वाद्यं एका बाजूला असतात, काही दुसऱ्या बाजूला. मला निम्मंच गाणं मिळत होतं. म्हणून दोन्हीकडच्या तारा डाव्या कपाकडं वळवल्या, मोबाईलवाल्यानं सांगितले तसे मधे दोन बारके रेझिस्टर घातले, आणि उजव्या कपाला जाणारी तार कापून तिचं टोक टेपनं झाकून टाकलं. सांधा इतका सुबक झाला की मलाच माझ्या हाताचं कौतुक वाटलं. डाव्या कानात सगळं गाणं आलं, सनई, व्हायोलिन, सगळं. उजवा कप तसाच कानावर बसलेला, रिकामा, बघणाऱ्याला दाखवण्यापुरता. मग मला त्याचा दुसराच उपयोग सापडला. हेडफोन घातलेल्या बाईला ऐकू आलं नाही तर लोक हेडफोनला नावं ठेवतात. मी तो घरातही घालायला लागले. भाकरी करताना, भांडी लावताना.

हे एसटीत कंडक्टर आहेत, तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर लोकांशी बोलून घसा बसतो, तरी घरी आल्यावर कोण चढलं, कोण भांडलं, न्हावऱ्याच्या स्टॉपवर कुणाची कोंबडी गाडीत सुटली, सगळं मला सांगायचं असतं. जेवायला ते माझ्या उजव्या हाताला बसतात, लग्न झाल्यापासून. आधी ते पुन्हा पुन्हा सांगायचे. मग मोठ्यानं सांगायला लागले. मग हळूहळू सांगायचेच थांबले, ताटात बघून जेवायला लागले. एक दिवस मी तव्याशी होते आणि ते मागं लेकीला म्हणाले, "तुझ्या आईला हल्ली माझं बोलणं नकोसं झालंय." ते नेमके माझ्या डाव्या बाजूला उभे होते. शब्द न् शब्द कानावर पडला. मी भाकरी थापत राहिले. त्या क्षणी नुसतं वळले असते तरी पुरलं असतं, आप्पा. मी भाकरी उलटली आणि हेडफोनचा आवाज वाढवला.

मग लेकीला मोबाईलवरच्या एका मुलाखतीसाठी हेडफोन लागला. ती आतून ओरडली, "आई, उजवी बाजू परत मेली!" "राहू दे, मी बघते," म्हणेपर्यंत तिनं टेप सोडवली होती. तिचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. बाहेर आली ती सांधा तळहातावर घेऊनच. "हे तुटलेलं नाही. हे कुणीतरी मुद्दाम केलंय. आणि एवढं नीट आपल्या घरात तूच करतेस." मी मेथी निवडत होते, निवडत राहिले. ती माझ्या उजवीकडं सरकली आणि गप्प झाली असं मला वाटलं. मग ती चालत माझ्या डाव्या बाजूला आली आणि खाली बसली.

"आत्ता त्या बाजूनं मी काय म्हणाले?"

मी मेथीची काडी खाली ठेवली.

"कधीपासनं?"

"उन्हाळ्यापासनं."

तिचे डोळे भरले, पण ती चिडली होती. "बाबांना वाटतंय तू त्यांच्यावर रुसलीयस. रोज तुझ्यासाठी काहीतरी घेऊन यायला लागलेत, बघितलंस का तू? आणि तू त्यांना तसंच वाटू दिलंस?"

मी बघितलं होतं. कधी पेरू, कधी भेळ. मी ते ठेवून दिलं होतं.

तिनंच मला पुण्याला डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं म्हणाले. मी अंदाजानं दाबत राहिले. एकदा दाबायचं, जरा थांबायचं, पुन्हा दाबायचं. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "ताई, मी आवाज बंद ठेवला होता तेव्हाही तुम्ही बटण दाबत होता." लेक भिंतीकडं बघत बसली. एवढ्या वयाची बाई मी, आणि परीक्षेत कॉपी करताना सापडावं तशी उभी होते. मग त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला होतं का? "वडलांना," मी म्हणाले. आपल्या घरातल्या माणसानं ते तोंडानं उच्चारायची ही पहिलीच वेळ असावी. तुमची परवानगी न घेता सांगितलं. राग मानू नका. त्या म्हणाल्या, या बाजूचं आता परत येणार नाही, कानाला मशीन लावा, आणि कारखान्यात डावीकडची बाजू जपा.

मशीन कपाटात साड्यांखाली आहे. लेकीनं बजावलंय, "तू सांगणार असशील तर मी गप्प बसते, नाहीतर मी सांगेन." हे आता तासाभरात येतील. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, ते लिहितानाच ठाऊक होतं. खरं म्हणजे हे तुमच्यासाठी नव्हतंच, आप्पा. यांना सांगायचं होतं ते जुळत नव्हतं, म्हणून आधी तुमच्यावर सराव केला. आणि वाचून बघितलं तर एवढ्या पानांत मी हेडफोनची बाजू लिहिली, तार लिहिली, सांधा लिहिला, तुमचेसुद्धा कान लिहिले. जे लिहायचं होतं तेवढं सोडून. ते हे, की मला उजव्या कानानं ऐकू येत नाही.