वागळे इस्टेटमधली वहिनी

६ जानेवारी

वहिनी म्हणाली मला! अनोळखी बाई, पहिल्याच भेटीत!

झालं असं — डब्यातली भाजी विटलेली, दुपारभर उपाशी. ऑफिस सुटल्यावर वागळे इस्टेटच्या मागच्या गल्लीत काही मिळतं का बघत फिरले. एका प्रिंटिंग प्रेसच्या वर नेपाळी हॉटेल. चार टेबलं. भिंतीवर लुंबिनीचा फोटो, माहेरी होता तसाच. हात आपसूक जोडले गेले. काउंटरवरची बाई हसून म्हणाली, "आओ वहिनी, बैठो. अकेली?" आणि माझ्या तोंडून निघालं — "हजबंड टूर पे है."

कसली टूर! राकेश सप्टेंबरमध्येच बॅग भरून गेला, तो कायमचा. माजिवड्याच्या घरात मी एकटीच.

जेवण मात्र काय सांगू! वरण-भात, मोहरीच्या तेलातली भाजी, आंबवलेल्या पाल्याचं काहीतरी — गुन्द्रुक म्हणे. भात संपायच्या आत परत वाढला. आणि इतकं स्वस्त, की बिल दोनदा वाचलं. पोट भरल्यावर रडू का आलं कोण जाणे.

९ जानेवारी

पुन्हा गेले. पुन्हा "वहिनी". निघताना नवऱ्यासाठी म्हणून मोमो पार्सल घेतले. नाटक करायचं तर पूर्ण करायला नको का! सकाळी चहाबरोबर मीच खाईन, थंडगार.

११ जानेवारी

रविवार. ठाकुर्लीहून मायाताईचा फोन, नेहमीसारखा. "राकेश कसाय?" "मजेत." "भांडत नाही ना गं?" "नाही गं!"

हे लग्न तिनेच जमवलेलं. कळलं तर स्वतःलाच दोष देत बसेल, अन्नाला शिवायची नाही. म्हणून थापा. बहिणीला एक, हॉटेलात दुसरी. फार एकटं वाटतंय. खरं बोलावं असं एकही माणूस नाही.

१३ जानेवारी

गेले नाही. पोहे केले. अर्धे टाकले.

१६ जानेवारी

आज हद्द झाली. हॉटेलवाल्या कोपिलादीदीने "क्या हुआ वहिनी, मुँह क्यों उतरा है?" विचारलं आणि माझा पाराच चढला. "मुझे वहिनी मत बोलो! कोई हजबंड नहीं है! छोड़ के गया वो!" शेजारच्या टेबलावरचा माणूस हातात घास धरून बघत राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोपिलादीदी गोंधळलीच. "हजबंड का किसने पूछा? मैं तो बहिनी बोली. ब-हि-नी. हमारे नेपाली में छोटी बहन को बोलते हैं."

धाकटी बहीण! आणि मी इतके दिवस तिची भावजय होऊन जेवत होते! हसले, हसता हसता रडले. "अकेली?" म्हणजे कुठल्या टेबलावर बसवू, एवढंच होतं ते. नवऱ्याला मीच मध्ये आणला, कारण नसताना. तिने डाळ गरम करून आणली.

१७ जानेवारी

परक्या बाईला सांगून टाकलं आणि सख्ख्या बहिणीला नाही. ताईला फोन लावला, कापला. परत लावला, कापला. शेवटी मेसेज टाकला — उद्या वागळेला ये, जेवायला. एकटी ये.

१८ जानेवारी

ताई आली. मी "राकेश —" एवढंच म्हणाले. ती आपल्या ताटातला भात माझ्या ताटात सारत म्हणाली, "दिवाळीपासून ठाऊक आहे, वैशू. तोच घरी येऊन सांगून गेला. दर रविवारी विचारत होते ना तुला — म्हटलं, आज तरी सांगशील."