मागच्या खोलीतली भेग

मी, गल्लीत जिला इस्त्रीवाली आजी म्हणतात ती, वय एकोणऐंशी, शिक्षण दुसरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धमकावलेलं नाही, तेवढी कोणाची छातीही नाही.

१. पुढच्या दोन खोल्या मुलाला. माझ्याशी तो नीट वागला. स्वतःच्या मुलीशी दीड वर्ष बोललेला नाही, ते त्याचं त्याने निस्तरावं.

२. इस्त्री आणि टेबल सुनेला. तिला अजून एक कॉलर धड जमत नाही. तरी तिलाच. शिकेल.

३. मागची खोली नातीला, एकटीला. तिथे तिने काळे पडदे लावून फोटो धुवावेत. 'भाडेकरू ठेवू या' असं कोणी तोंडातून काढायचं नाही.

नात इंजिनिअर होती. इमारतींच्या भेगा तपासायची आणि 'राहायला हरकत नाही' असं लिहून सही करायची. तेव्हाच तिने माझ्या या मागच्या खोलीतल्या भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. म्हणाली, "आजी, भिंत हलली तर काच तडकेल. तडकली की लगेच सांग मला."

पुढे एकेका सहीआधी ती तीच इमारत तीन-तीनदा बघून यायला लागली. सही केली की चार दिवस तिला घास जायचा नाही. शेवटी सोडली नोकरी. आता भेगांचे फोटो काढते. माझ्या भिंतीचा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक. अकरा झालेत. बारावा झाला की सगळे मांडून लोकांना दाखवणार आहे.

"भेगा बघायला कोण येणार गं?" मी विचारलं.

"तू रोज बघतेस की!"

तोंड माझ्यावर गेलंय.

मुलगा म्हणतो, "एवढं शिकवलं आणि पोरगी पोपडे टिपत फिरते." त्याने ते बारा फोटो एकदा उभं राहून बघावेत. पुढच्या खोल्यांसाठी ही अट समजावी.

४. आता खरं ते लिहिते. काच काल तडकली. मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर मुलगा नातीलाच बोल लावणार, "घरची भिंत सांभाळता आली नाही!" आणि ती कॅमेरा ठेवून परत सह्या करायला जाणार. भेगेखालची माझी खाट हलवली तर त्याला संशय येईल, म्हणून खाट तिथेच आहे. रविवारी ती फोटो काढेल, बारा पुरे होतील, तेव्हा 'आत्ताच तडकली गं' म्हणेन. गवंड्याला सांगून ठेवलंय, सोमवारी तो टेकू लावेल. तोवर जरा माती पडली तरी खाटेवर उठून बसते, खोटं कशाला बोलू?

५. त्याआधीच भिंत अंगावर आली तर नातीने हे वाचावं. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. मी शुद्धीत, राजीखुशीने, कोणाच्या दबावाशिवाय या खोलीत राहिले. राहायला हरकत नाही, ही सही या वेळी माझी आहे. तुझी नाही.

सही: इस्त्रीवाली आजी

साक्षीदार: गवंडी. (म्हणाला, "आजी, आधी खोली सोडा." म्हटलं, "आधी सही कर.")
साक्षीदार: शेजारची नर्स. (नाडी बघून सही केली. जोरात पळतेय म्हणाली.)

स्थळ: मागची खोली, खाटेवर
तारीख तीन, बुधवार. रविवारला चार दिवस आहेत.