मनीची फाइल

३ मार्च. सकाळी ८.
शिसारी आली त्या क्लिनिकची. चिकट खेळणी, ओल्या पायपुसण्याचा वास. जुळ्यांपैकी पोराला ऑटिझम आहे हे गेल्या वर्षी मान्य केलं. तो गाड्यांच्या रांगा लावतो, किंचाळतो, आंधळ्यालाही दिसेल. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, मुलीलाही तपासू. एवढ्याशा मुलींमध्ये म्हणे ते झाकलेलं राहतं, त्या दुसऱ्यांचं बघून बघून निभावून नेतात. एका घरात दोन गिऱ्हाइकं, दुसरं काय!
बायकोला सांगितलं, मी विमा कंपनीचा सर्व्हेयर. अठरा वर्षं खोटे क्लेम पकडतोय. मनीला काहीही नाही, हे पुराव्यानिशी सिद्ध करतो. फाइल उघडली. संकल्प: रोज एक पान. चिडायचं नाही.

४ मार्च.
चिडलो. पान राहिलं.

६ मार्च.
पुरावा पहिला. मनी बाहुल्यांची शाळा भरवते. पोरगा भरवेल का? बाहुल्या उंचीप्रमाणे, रोज त्याच जागी. मी एक हलवली तर तासभर रडली. शिस्त! माझ्यावर गेलीय.

९ मार्च. संध्याकाळ.
शेजारीण आली. मनी म्हणाली, या, बसा, बरं चाललंय ना? काय वळण! मग टीव्ही दुरुस्त करणाऱ्यालाही तेच, त्याच सुरात. नंतर फ्रिजलाही. विनोदबुद्धी आहे पोरीत. लिहिलं.

१२ मार्च.
बालवाडीच्या बाई म्हणतात, मनी फार गुणी, कसलाच त्रास नाही. फक्त शेजारी बसलेली मुलगी हसली की तिच्या तोंडाकडे बघते आणि मग हसते. मग काय सगळ्यांच्या आधी हसायचं? असल्या बायकांच्या हाती पोरं सोपवतो आपण. किळस! तरी लिहून घेतलं.

१३ मार्च.
आज लवकर घरी आलो. मनी टेबलाखाली, कानांवर हात. पन्नास मिनिटं. बायको म्हणाली, बालवाडीतून आली की रोजचंच आहे. तुम्ही सातला येता, तोवर बाहेर आलेली असते. थकते बिचारी. वेळेसकट नोंद केली.

१८ मार्च. सकाळी ७.
तपासणी आज. फाइल डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर फेकणार.

१८ मार्च. दुपारी ३.
फेकली नाही, दिली. मनीला तपासून झाल्यावर बाईंनी पान न् पान वाचलं. म्हणाल्या, इतक्या बारीक नोंदी आजवर एकाही पालकाने आणल्या नाहीत. मी फुगलो. मग म्हणाल्या, आम्हाला आत जे दिसलं, तेच तुमच्या प्रत्येक पानावर आहे. निदान तेच, जे भावाचं. मुलगा ओरडला म्हणून लवकर कळलं, एवढाच फरक.
अठरा वर्षं नसलेलं दुखणं दाखवणारे पकडले. असलेलं लपवणारी माझ्याच घरात, चार वर्षांची. शिसारी आली, पण क्लिनिकची नव्हे.
गाडीत मनी मागे बसून हसत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा विचारलं तिने, बाबा, आता हसायचं थांबवू का?
म्हटलं, थांबव.