आमच्या ओट्यावरचं आयरिश नाटक

फ्लॅट बुश, ऑकलंड

तीर्थरूप बाळमामा यांस,

मकरंदचा, कंबर धरल्यामुळे खुर्चीत बसूनच घातलेला, साष्टांग नमस्कार. मोतीबिंदू निघाला का, आणि निघाला असल्यास जग आधीपेक्षा बरं दिसतं की वाईट, ते कळवा. तुम्ही मोबाइल कपाटात ठेवता, म्हणून हा कागदाचा खटाटोप. इथे मी, मृदुला आणि स्वरदा मजेत. आईही ठीक आहे. (म्हणजे विचारलं की "ठीक आहे" म्हणते. बाबा गेल्यावर तिला इथे आणलं त्याला आठ महिने झाले. त्या दोन शब्दांखेरीज ती फारसं काही बोललेली नाही. तुमचीच थोरली बहीण, मी काय सांगणार!)

तुम्ही चाळीस वर्षं प्रायोगिक नाटकं केलीत आणि गेली दहा वर्षं मराठी नाटक संपलं म्हणून सांगताय, तेव्हा तुमच्या समाधानासाठी एक बातमी: आयर्लंडचंही संपत आलंय. हे मला ग्रॉन्याने सांगितलं. ग्रॉन्या डब्लिनची नटी. सध्या पापाकुराच्या लायब्ररीत सकाळी पुस्तकं लावते आणि तिथेच तिची नि मृदुलाची गट्टी जमली. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या नाटकवाल्यांचं जगभर नाव आहे, फक्त ते मेलेल्यांचं. जे जिवंत आहेत त्यांना शहरात राहायला खोली परवडत नाही आणि तालमीला हॉल मिळत नाही. तिची पाच जणांची संस्था होती. दोघं ऑस्ट्रेलियाला गेले, एक नर्स झाली, एकजण इथल्याच पोरिरुआ गावात सुतारकाम करतो, आणि उरली ती ही. त्यामुळे हल्ली ती एकपात्री करते, तेही लोकांच्या स्वयंपाकघरात. (याला तिकडे नवा प्रवाह म्हणतात. तुमच्या वेळी याला हॉल न मिळणं म्हणायचे.) मृदुलाने मला न विचारता आमचा ओटा देऊन टाकला.

मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला: रविवारी दुपारी तीनला आमच्याकडे आयरिश कार्यक्रम, नाच, चहा. नाचाचं मी मनानेच घातलं. आयरिश म्हटल्यावर कुणीतरी रांगेत उभं राहून टपाटप पाय आपटणारच, अशी माझी समजूत. बारा आपले आणि सहा त्यांचे असे अठराजण आले, दाराशी जँडल्सचा, म्हणजे इथल्या स्लिपरांचा, ढीग पडला. माझ्या ऑफिसातला देवव्रत दोन्ही मुलींना घेऊन पहिल्या रांगेत, म्हणजे डिशवॉशरला टेकून बसला. प्रकाशयोजना म्हणजे शेगडीवरच्या चिमणीचा बल्ब.

नाटक असं: परदेशी गेलेली मुलगी आई वारल्यावर गावचं घर बंद करायला येते आणि आईच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत पावाचं पीठ मळते. त्यासाठी खिडकीजवळची खुर्ची रिकामी ठेवली होती. आता, ती आमच्या आईची रोजची जागा. मी तिला वर जाऊन पडायला सांगितलं होतं, ती "ठीक आहे" म्हणालीही होती. पण तीनला पाच मिनिटं असताना ती खाली आली आणि सवयीने तिथेच बसली. मी उठतोय तोवर ग्रॉन्याने पिठात हात घातला होता.

पहिली वीस मिनिटं ती नुसतं पीठ मळत होती. देवव्रतने दोनदा खुणेने विचारलं, नाच कधी? मी दोनदा खुणेने सांगितलं, आता होईल. मग ग्रॉन्या तिच्या जुन्या आयरिश भाषेत खुर्चीतल्या आईला उद्देशून काहीतरी बोलायला लागली. आमच्या आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाली, "पीठ सैल झालंय. मूठभर घाल अजून."

मामा, ग्रॉन्याने घातलं! (हाताची खूण कळली असेल.) आणि पुढचं वाक्य म्हणता म्हणता ती रडायला लागली. ते रडणं नाटकातलंच होतं, मृदुलाने संहिता वाचली होती. पण आई उठली, पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि आठ महिन्यांत मी ऐकली नव्हती एवढी वाक्यं एका दमात बोलली. "घर आवरायला आलीस होय? मग नीट विचारून आवर. माझ्या मुलाने माझं घर दोन दिवसांत बंद केलं. तिकीट काढलंय म्हणाला, बस. माझी शिवणाची मशीन कुणाला दिली तेसुद्धा सांगितलं नाही. मला घरी जायचंय गं."

सहा आयरिश लोकांना एक शब्द कळला नाही आणि ते हमसून रडत होते. बारा मराठी लोकांना शब्दन् शब्द कळला आणि ते सिंककडे बघत होते. मी कुठे बघत होतो ते विचारू नका.

शेवटी टाळ्या थांबेनात. देवव्रत माझा हात धरून म्हणाला, "काकू म्हणजे कमाल! तालीम किती दिवस चालली?" मी म्हणालो, "तीन आठवडे." स्वरदा एवढंच म्हणाली, "डॅड, वॉज दॅट रिअल?" मी चहा टाकायला गेलो. संध्याकाळी आईजवळ बसून विचारलं, ते खरं होतं का? ती म्हणाली, "पीठ खरंच सैल होतं."

(मशीन मी भंगारवाल्याला दिली होती. हे तिला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, पाय तरी काढून ठेवायचास, टेबल झालं असतं.)

ग्रॉन्याला आता आईशिवाय नाटक करायचं नाहीये. मी म्हटलं, व्हिजिटर व्हिसावर मानधन घेता येत नाही. ती म्हणाली, हरकत नाही, आमच्याकडेही कुणाला मिळत नाही.

मामींना नमस्कार. त्यांना नाटकाचा वीट आलाय हे ठाऊक आहे, तरी पत्र वाचून दाखवा.

तुमचा भाचा,
मकरंद

ता. क. : खरं काम हे. आईचं बावीस एप्रिलचं परतीचं तिकीट काढलंय, या वेळी तिला विचारून. ती "ठीक आहे" म्हणाली. तिच्या तिकडच्या शेजारीण निवेदिताताईंकडे किल्ली आहे. फ्लॅट उघडून झाडून घ्या, गॅस जोडून घ्या आणि जमल्यास एखादी जुनी मशीन बघा, पायांसकट. पहिले आठ दिवस तिच्यासोबत राहा. पत्र आईकडेच देतोय, तिच्या फिरायच्या वाटेवर पोस्टाची पेटी आहे.

ता. क. दुसरा (हे मी, शकू) : चि. बाळ, अनेक आशीर्वाद. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. मेमध्ये आमचा पोरिरुआला प्रयोग ठरलाय, त्यामुळे एप्रिलमध्ये यायला जमणार नाही. मक्याला कळव की फ्लॅटचं छत गळतंय, पावसाळा संपेपर्यंत राहण्यासारखा नाही. त्या दिवशी बोलले ते नाटकच होतं रे, म्हणजे बरंचसं. पण त्याला सांगू नकोस. हल्ली रोज ऑफिसातून आला की माझ्याजवळ बसतो आणि काय हवं, काय नको विचारतो. अजून थोडे दिवस विचारू दे.