मधल्या तुकड्याचा ताण

९ डिसेंबर
पंपघरातला छोटा संगणक आता अण्णाकाकांच्या बागेचं ठिबक चालवतो. सकाळी सहाला शेड्युलर माझी स्क्रिप्ट सुरू करतो. आधी तिला सगळं एका ओळीत सांगायचा, तुकड्याचं नाव आणि मिनिटं. ‘विहिरीकडचा तुकडा’ या नावातल्या मोकळ्या जागेवर ओळ तुटायची, ‘तुकडा’ मिनिटांच्या जागी जाऊन बसायचं. आज जेसन (JSON) मांडणीत दिलं, प्रत्येक माहितीला नाव. आता काही सरकत नाही. पुन्हा तपासलं.
काका : “मधल्या मोसंबीला ताण दिलाय. थेंब न्हाई पडला पाहिजे.” ताण म्हणजे फुलं धरावीत म्हणून पाणी तोडणं; तो मोडला तर बहार गेला. मधल्या तुकड्याची मिनिटं रिकामी ठेवली.

१० डिसेंबर
वाईट. मधल्या तुकड्यात ठिबक चालू! धावत जाऊन बंद केलं. पाणी झाडांच्या पहिल्या दोन ओळींपर्यंत पोचलं होतं.
मिनिटं रिकामी दिसली की स्क्रिप्ट नेहमीचा आकडा घेते. नियम माझाच, पाणी चुकून राहू नये म्हणून.
काकांनी माती मुठीत दाबली. गोळा झाला. “इस्कोट केलास की रे.” मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीची चावी माझ्याकडून काढून घेतली; आता मोटार तेच हाताने चालवणार.

११ डिसेंबर
जेवताना वहिनी (काकांची सून) : “भावजी, ताट मोकळं दिसलं की आम्ही वाढणारच. उपास असंल तर तोंडानं सांगावं लागतं.”
हेच! रिकामं म्हणजे ‘नको’ नव्हे. नुसतं सांगितलेलं नाही.
नवं नाव घातलं, ‘ताण’ : हो / नाही. हो असेल तर व्हॉल्व्ह बंदच. नाही, आणि मिनिटंही रिकामी, तर थांबायचं, मला मेसेज करायचा. अंदाज बंद.

१४ डिसेंबर
मोटार बंद ठेवून चाचण्या. मधला व्हॉल्व्ह हलला नाही. मुद्दाम चुकीचं भरलं : स्क्रिप्ट थांबली, मेसेज आला. यात आता खोट नाही. काकांना दाखवलं.
“दावणीला समदे बैल गरीबच असत्यात.” चावी नाही.

२८ डिसेंबर
मधली झाडं सुकत चाललीत, पानं गळतायत. ताणात हे व्हायलाच हवं. पहिल्या दोन ओळी मात्र हिरव्या. काका त्यांच्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

१७ जाने.
उद्या ताण तोडायचा. पहिलं पाणी हलकं, आंबवणी. भरलं. मधला : ताण नाही, मिनिटं वीस.
काकांनी चावी पुढे केली. “सकाळी म्या येनार न्हाई बघायला.”
वहिनी आतून : “मंग गजर कशाला लावलाय, मामंजी?”
मोटार ऑटोवर टाकून पेटी बंद केली, चावी खिशात. सकाळी बाहेर काढायची नाही, काही झालं तरी. मशीनची खात्री आहे. पहिल्या दोन ओळींना कळी येते का, तेवढंच बघायचं राहिलं.